शिनी

साताऱ्यात वाड्यामागच्या पटांगणात हुतूतू खेळताना माझी नडगी कितीदा सोलवटली, याला गणती नाही. आजी हळद दाबायची आणि करवादायची, "मेल्या, पाय आहेत का लाकडं?"

चाळिशीच्या उंबरठ्यावर टोरोंटोत आलो. घराजवळच्या बागेत हिवाळ्यात बर्फाची रिंक असते. तिथल्या वेळापत्रकात स्केटिंगखाली लिहिलं होतं, 'शिनी'. मुलगा महिन्याभरात शिकून मोकळा. म्हणाला, "बाबा, हॉकीच ती. पण पंच नाही, गुण नाहीत."

काठावर बसून मीही ती पाहत गेलो. सगळ्यांच्या काठ्यांचा मधोमध ढीग करायचा. एकानं न बघता एकेक उचलून डाव्या-उजव्या बाजूला टाकायची, की झाले दोन संघ. पक, म्हणजे खेळायची चकती, उडवायची नाही, कारण कुणाच्याच अंगावर चिलखत नसतं.

नावाचा माग काढला तो स्कॉटलंडला पोचला. तिथे आजही वाकड्या काठीनं 'शिंटी' खेळतात. स्कॉट लोक कॅनडात आले, नोव्हा स्कोशियात स्थिरावले, आणि त्यांचा खेळ गोठलेल्या तळ्यांवर उतरला. पण मुळात हा शब्द आला कुठून? कुणी गॅलिकमधल्या उडी या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतात. कुणी म्हणतात, खेळताना मारायच्या 'शिन यी' अशा आरोळीचंच नाव झालं. आणि इंग्रजीत 'शिन' म्हणजे नडगी! जुन्या काळी इथली पोरं ईटन दुकानाचा जाडजूड कॅटलॉग मोज्यात खोचून नडग्या वाचवायची.

मला आरोळीचाच पक्ष पटतो. हुतूतू हे नाव तरी कुठून आलं? दम धरून घुमणाऱ्या गड्याच्या तोंडूनच ना?

३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये छपराखाली सामना झाला आणि हॉकीला शिस्त लागत गेली. शिनी मात्र उघड्यावरच राहिली.

गेल्या हिवाळ्यात मुलगा लंगडत घरी आला. मी हळद कालवली. "बाबा, बर्फ लावतात," तो म्हणाला. मी दोन्ही लावलं.

स्पर्धांच्या मैदानावर आमच्या हुतूतूची कबड्डी झाली. शिनी मात्र महापालिकेच्या पाटीवरही शिनीच आहे.