सत्तावीस अंशांचं पाणी

सिंदी मेघेत ज्यांच्या आवारात अजून विहीर शिल्लक आहे, ते छातीठोकपणे सांगतात: आमचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट. खरं तर पाण्याचं तापमान बाराही महिने जवळपास तेवढंच असतं. जमिनीखाली काही मीटरवर तापमान गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिरावतं. वर्ध्याकडे ते साधारण २७ अंश सेल्सिअस धरा. बदलते ती वरची हवा.

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी याच २७ अंशांवर येतो. एवढ्या तापमानाच्या हवेत माणूस उघड्या अंगानं खुशाल बसतो. तेवढ्याच पाण्यात गळ्यापर्यंत तासभर न हलता बसवा, सडपातळ माणसाला हुडहुडी भरते.

पुस्तकातलं उत्तर असं की पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. बरोबर, पण अर्धवट. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत साधारण साडेतीन हजार लिटर हवा एका अंशानं तापते. त्वचेला लगटून असलेला हवेचा पातळ थर चटकन तापतो आणि मग आपलंच पांघरूण होतो. पाण्याचा थर तसा तापतच नाही. थोडा तापला, तरी हात हलवला की त्या जागी नवा गार थर हजर.

म्हणजे पाण्यात शरीराची उष्णता २५ पट वेगानं जाते? परीक्षेत असं लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो. कातडी गार होताच तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता बाहेर पोचेनाशी होते आणि अडवायला खालची चरबी असतेच. त्यामुळे तेवढ्याच तापमानाच्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष नुकसान दुप्पट ते पाचपट भरतं. तेही काही कमी नाही. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’, म्हणजे सात सामुद्रधुन्या पोहून जाण्याचं आव्हान, पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्या सातांतल्या नॉर्थ चॅनेलचं पाणी १२ ते १४ अंशांचं, आणि नियमानं वेटसूट चालत नाही. तिथे माणसाला तारतात ते सतत राबणारे स्नायू आणि चरबी. अंगाला फासलेलं ग्रीस मुख्यतः कातडी सोलवटू नये म्हणून असतं. नरकचतुर्दशीच्या तेलाकडूनही उबेची फार अपेक्षा ठेवू नका. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर जी थंडी वाजते, ती बाष्पीभवनाची: अंगावरचं ग्रॅमभर पाणी वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं.

आमच्याकडे मात्र पाण्याच्या या गुणाची खरी गरज मे महिन्यात पडते. पारा ४५ वर आणि कातडी ३५ च्या आसपास, म्हणजे हवा उष्णता घ्यायचं सोडून उलट देऊ लागते. मग सगळी भिस्त घामावर. तो पुरला नाही की अंग ४० अंशांपलीकडे तापतं आणि माणूस बरळू लागतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या एका जाहीर सोहळ्यात उन्हानं १४ जणांचा बळी घेतला, तेही कोकणपट्टीत. तिथल्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही.

उष्माघातावर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. उष्णता बाहेर काढावी लागते. शेतात किंवा मैदानावर कोसळलेला धडधाकट तरुण असेल, तर मान वर धरून त्याला बर्फाच्या पाण्यात बसवणं हा सर्वात जलद उपाय. मिनिटाला ०.१५ ते ०.२ अंशानं अंग उतरतं. घरात वयस्क माणसाला ऊन लागलं असेल, तर अंग ओलं करून समोर पंखा लावावा. वैदर्भी कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. ‘तापल्या अंगावर गार पाणी नको, झटका येईल’ असं सांगणारं कोणीतरी शेजारी हमखास उभं असतं. त्यांना बाजूला बसवा.

एकच पथ्य. छतावरच्या काळ्या टाकीचा नळ सोडू नका. मेच्या दुपारी त्यातलं पाणी अंगापेक्षा गरम असू शकतं, आणि पाणी उष्णता जितक्या झपाट्यानं घेतं तितक्याच झपाट्यानं देतंही. माठातलं घ्या, फ्रीजमधलं घ्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतणं थांबवू नका.