बुधवारची टिपणे

१

अमेरिकेत नवे कॉमिक बुधवारी येते. वितरकांच्या सोयीने हा वार ठरला आणि गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडला. २०२०मध्ये डीसी कंपनीने तो बदलून मंगळवार केला. जुलै २०२४मध्ये पुन्हा बुधवार. १९७८च्या सिनेमात सुपरमॅन पृथ्वी उलटी फिरवतो. त्याच्या कंपनीला एक वार हलवता आला नाही.

२

नेहमीच्या गिऱ्हाइकाचा दुकानात एक खण असतो. आपण पेपरवाल्याला दिवाळी अंक सांगून ठेवतो तशी यादी एकदा द्यायची. त्यातले अंक दर आठवड्याला खणात पडत जातात. यादीला 'पुल लिस्ट' म्हणतात. महिना महिना न फिरकणारेही असतात. खण भरतो, दुकानदार मनातल्या मनात हिशेब करत राहतो.

३

फिल स्यूलिंग हा ब्रुकलिनमधला इंग्रजीचा मास्तर. कॉमिक्सची संमेलने भरवायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने प्रकाशकांपुढे सौदा ठेवला: कमिशन वाढवा, न खपलेले अंक मी परत करणार नाही. तोवर कॉमिक्स पेपर स्टॉलवर, औषधांच्या दुकानात मिळत आणि उरलेली प्रकाशकाकडे परत जात. या सौद्यातून पुढे कॉमिक्सची खास दुकाने उभी राहिली. धोकाही प्रकाशकाकडून दुकानदाराकडे सरकला.

याचा एक परिणाम बाहेरच्याच्या लक्षात येत नाही. दुकानदाराला शेवटची मागणी अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी नोंदवावी लागते. प्रकाशकाच्या लेखी विक्री झाली ती तेव्हाच. अंक वाचकाला आवडला की नाही हा नंतरचा प्रश्न, आणि तो मुख्यतः दुकानदाराचा. नवी मालिका चालणार की सहाव्या अंकाला गुंडाळणार, याचा अंदाज पहिला अंक कोणी उघडण्याआधीच बांधला जातो. चाहते एकमेकांना "आत्ताच सांगून ठेव, नंतर बघू म्हणू नकोस" असे बजावतात ते यामुळे.

४

न वाचलेल्या अंकाबद्दल ठाम मत असणे हा इथे व्यवहाराचा भाग आहे.

५

१९८८. बॅटमॅनच्या अंकात रॉबिन स्फोटात सापडतो. हा दुसरा रॉबिन, जेसन टॉड. बऱ्याच वाचकांना तो आगाऊ वाटे. मागच्या पानावर दोन फोन नंबर छापलेले. एकावर फोन केला तर तो जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल. एका फोनला ५० सेंट. मुदत ३६ तास.

जगावा: ५,२७१. मरावा: ५,३४३.

७२ मतांनी पोरगा गेला. संपादकांनी दोन्ही शेवट तयार ठेवले होते. डिसेंबर २०२३मध्ये डीसीने तो जगण्याचा शेवटही छापला. विकत.

६

चाहत्यांत एक जुने सूत्र होते: कॉमिक्समध्ये कोणीच कायमचे मरत नाही, अपवाद कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे बेन काका. २००५मध्ये बकी परत आला. त्याच वर्षी जेसनही. उरले बेन काका.

७

भाचा आणि त्याचा मित्र गच्चीत बोलत होते. वाद नेहमीचाच, कोण कोणाला हरवेल.

"बॅटमॅनला तयारीला वेळ दिला तर तो कोणालाही हरवतो, मामा."

"कोणालाही?"

"देवालासुद्धा."

"देवाला कसा हरवेल?"

"हरवलाय. २००९मध्ये. डार्कसाइड हा डीसीतला देवच. बंदूक वापरली होती."

"पण बॅटमॅन बंदूक वापरत नाही ना?"

दोघे एकदम बोलू लागले. मी दोरीवरचे कपडे काढून खाली आलो.

८

मार्व्हल कंपनीने १९६०च्या दशकात 'नो-प्राइझ' नावाचे बक्षीस काढले. गोष्टीतली चूक वाचकाने दाखवायची. पुढे नियम सुधारला: नुसती चूक दाखवून भागत नाही, ती चूक नव्हतीच हे पटवून द्यावे लागते. विजेत्याला टपालाने लिफाफा येई. आत तुमचे नो-प्राइझ आहे असे वर छापलेले. लिफाफा रिकामा. काहींनी उलट टपाली तक्रार केली की बक्षीस वाटेत गहाळ झाले.

प्रकाशकाची चूक वाचकाने फुकटात निस्तरायची, ही कल्पना मार्व्हलचा संपादक स्टॅन लीची. त्याच्या डोक्यातली सर्वांत चतुर कल्पना हीच असावी असे मला वाटते, स्पायडरमॅन दुसरा.

९

जुन्या अंकांत वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापत. पत्ते वाचून चाहते एकमेकांना पत्रे लिहू लागले. रॉय थॉमस हा मिझुरीतला असाच एक पत्रलेखक. १९६१मध्ये जेरी बेल्स या प्राध्यापकाने 'आल्टर इगो' हे चाहत्यांचे नियतकालिक काढले, त्यात थॉमस होता. १९६५मध्ये तो मार्व्हलमध्ये नोकरीला लागला. १९७२मध्ये स्टॅन लीच्या जागी मुख्य संपादक.

'फँटॅस्टिक फोर'च्या १९६३मधल्या २०व्या अंकात एका पोराचे भरभरून स्तुती करणारे पत्र आहे. सही: जॉर्ज मार्टिन. पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला. आता लोक त्याला पत्रे लिहून विचारतात, पुढचे पुस्तक कधी.

१०

स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३मध्ये मेली. 'अमेझिंग स्पायडरमॅन', अंक १२१. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली लोटतो, स्पायडरमॅन जाळे सोडून तिचे पाय पकडतो, वर ओढतो. ती मेलेली. चित्रात तिच्या मानेशी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिला आहे: स्नॅप.

तिला कोणी मारले? गॉब्लिनने? पडण्याच्या धक्क्याने? की जाळ्याच्या हिसक्याने, म्हणजे स्पायडरमॅनने? वाचकांच्या पत्रांचा मारा झाला. चार अंकांनंतर संपादकांनी पत्रांच्या पानावर कबूल केले: हिसक्याने. वाद तिथे मिटायला हवा होता. तो मिनेसोटा विद्यापीठात पोचला. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावर २००५मध्ये पुस्तक काढले, त्यात वेग आणि थांबायला मिळालेला वेळ मांडून बलाचे गणित केले. संपादक बरोबर निघाले.

दुसरा वाद चालूच आहे. मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज. चित्रातला पूल ब्रुकलिन ब्रिजसारखा दिसतो.

११

सुपरमॅनचे सगळे हक्क, १९३८: १३० डॉलर. निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघांत मिळून.

ती रक्कम ज्या चेकमध्ये होती तो ४१२ डॉलरचा चेक, २०१२च्या लिलावात: १,६०,००० डॉलर.

सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या १९३८च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' पहिल्या अंकाची एक प्रत, एप्रिल २०२४: ६० लाख डॉलर.

छापील किंमत: १० सेंट.

१२

जुन्या अंकांच्या अशा किमती वाचून १९९०च्या सुमारास पुष्कळांनी कॉमिक्स घेऊन ठेवली. एकेक अंक, पाच-पाच प्रती. १९९१मध्ये 'एक्स-मेन' पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला. दुकानांनी ८१ लाखांच्या आसपास प्रती उचलल्या. नोव्हेंबर १९९२मध्ये सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत बंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. वाचायला एक प्रत, न फोडता ठेवायला एक, अशी घेतली लोकांनी. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला.

जुना अंक महाग होतो तो इतरांनी रद्दीत घातल्यामुळे. हे अंक कोणीच रद्दीत घातले नाहीत. डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

१३

हल्ली मौल्यवान अंक तपासून, दहापैकी गुण देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून मिळतो. मुखपृष्ठ दिसते. पाने उलटायची असतील तर डबी फोडावी लागते आणि गुण जातात. काही लोक यालाही वाचकच म्हणतात. मी म्हणत नाही.

१४

५ जून १९८७, न्यूयॉर्कचे शे स्टेडियम. बेसबॉलच्या सामन्याआधी मैदानात स्पायडरमॅनचे लग्न लागले. वेषभूषा केलेले नवरा-नवरी, लग्न लावणारा स्टॅन ली. कॉमिकमध्येही त्याच वेळी लागले.

२००७मध्ये स्पायडरमॅनच्या, म्हणजे पीटर पार्करच्या, मे काकूंना गोळी लागली. त्यांचा जीव वाचवण्यासाठी पीटर पार्करने सैतानाशी सौदा केला: त्याचा संसार मुळातच झाला नव्हता असे जग. काकू वाचल्या. बायको गेली, आठवणींसकट. संपादकांचे म्हणणे, लग्न झालेला नायक म्हातारा वाटतो. (हे संपादक बहुतेक स्वतः लग्न झालेले असतात.) गोष्ट वाईटच आहे, पण मुद्दा तो नाही. पीटरबरोबर वयाने वाढलेल्या वाचकांना तो अपमान वाटला, आणि इतकी वर्षे झाली तरी त्या एका कथेचे नाव काढले की आवाज चढतात.

जानेवारी २०२४मध्ये मार्व्हलने वेगळ्या विश्वातला 'अल्टिमेट स्पायडरमॅन' आणला. जोनाथन हिकमनने लिहिलेला. यातला पीटर तिशी ओलांडलेला, बायको मेरी जेन, दोन मुले, दाढी. पहिला अंक संपला, पुन्हा छापला, पुन्हा संपला.

१५

कॉमिक्स आली तेव्हा मराठीत मुखवट्याचा नायक नवा नव्हता. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होते. नव्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लावून ठेवत.

१६

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये निघाली, १९९०मध्ये बंद पडली. टाइम्स ऑफ इंडियाची, मराठीतही येत. महाबली वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', त्यातूनच घराघरांत गेला. मूळ कथेत वेताळाच्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, म्हणून इथे डेंकाली केले. डेंकाली नकाशात शोधणारी माणसे आज साठीला आली आहेत. घरच्यांनी रद्दीत घातलेले अंक हीच माणसे आता शोधत फिरतात.

१७

डोगा: दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नायक. शहर मुंबई, भाषा हिंदी.

१८

२००४मध्ये 'स्पायडरमॅन इंडिया' नावाची चार अंकांची मालिका निघाली. मुंबईतला पवित्र प्रभाकर, कमरेला धोतर. चार अंकांवर विसरून गेले सगळे. २०२३च्या अ‍ॅनिमेशनपटात तोच पवित्र पडद्यावर आला, तेव्हा तो विसरलेलाच नव्हता असे सांगणारे बरेच भेटले. सिनेमा भारतात दहा भाषांत लागला. त्यात मराठी होती.

१९

भाचा मार्व्हलचे अ‍ॅप वापरतो. वर्गणी परवडते, पण नवा अंक त्यात तीन महिन्यांनी येतो. "मी तीन महिने मागे आहे, मामा. काही कळलं तरी सांगू नकोस." मी बरीच वर्षे मागे आहे, हे त्याला सांगितले नाही.

२०

७ मार्च २००७, बुधवार. दुकाने उघडण्याआधी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने छापले: कॅप्टन अमेरिका मेला. आयुष्यात कॉमिक न घेतलेले लोक दुकानांपुढे आले. दुकानदारांची मागणी केव्हाच नोंदवून झाली होती (पाहा: ३). नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या खणात मात्र प्रत होती.

२१

'अमेझिंग स्पायडरमॅन'चा पहिला अंक १९६३. पुन्हा पहिला अंक १९९९. मग २०१४, २०१५, २०१८, २०२२, २०२५. पहिला अंक जास्त खपतो. जुलै २०२२मध्ये एकाच अंकावर दोन क्रमांक होते: ६ आणि ९००.

नवशिक्याचा प्रश्न ठरलेला: "कुठून सुरू करू?" आजवर दोन चाहत्यांनी त्याला एकच उत्तर दिलेले मी ऐकलेले नाही.

२२

बॅटमॅनच्या अंकांवर निर्माता म्हणून एकच नाव असे, बॉब केन. टोपी, झगा, गॉथम शहर, पहिली गोष्ट यांमागे बिल फिंगर होता. तो १९७४मध्ये गेला. चाहत्यांनी आणि लेखक मार्क टायलर नोबलमनने विषय लावून धरला. वारसांचा शोध घेत नोबलमन फिंगरच्या नातीपर्यंत पोचला. २०१५मध्ये फिंगरचे नाव लागले.

'हिरो इनिशिएटिव्ह' ही संस्था म्हाताऱ्या, आजारी कॉमिक्स-कलावंतांची दवाखान्याची बिले आणि घरभाडी भरते. २०२२मध्ये चित्रकार जॉर्ज पेरेझ शेवटच्या आजारात असताना संस्थेने त्यांचे 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स' पुन्हा छापले. सात हजार प्रती. हातोहात गेल्या.

२३

१ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत सुपरमॅनच्या पहिल्या अंकाचा स्वामित्वहक्क संपतो. कोणीही त्याची गोष्ट लिहावी, छापावी, विकावी. अट एवढीच की सुपरमॅन १९३८चा हवा. तो उडत नाही, लांब उडी मारतो. उडणारा हवा असेल तर आणखी काही वर्षे थांबावे लागेल.