दुसऱ्या पसंतीचे मोल



निवडणुकीचे दिवस आले म्हणजे कर्जतच्या बाजारात, खोपोलीच्या एस. टी. थांब्यावर आणि खालापूरच्या कचेरीपाशी एकच चर्चा ऐकू येते. निकालात फरक मोठा असेल, तर ती लवकर विरते. परंतु फरक थोडका असेल, तर ‘अमक्याने तमके केले नसते तर’ हे पालुपद पुढे वर्षानुवर्षे चालते. नागरिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी आम्हांस विचारतात, “डावपेचांनी निवडणूक जिंकता येते काय?” अशा वेळी आम्ही १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची हकीकत सांगतो; कारण तीत आपल्याच जिल्ह्याचे एक सुपुत्र उभे होते.

ते म्हणजे चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ साली ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून आले व देशाचे अर्थमंत्री राहिले.

राष्ट्रपतीची निवड आपणां सर्वांच्या मतांनी होत नाही. संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सभासद ती करतात. प्रत्येक मतास ठरावीक मूल्य असते. १९६९ साली एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. पहिल्या पसंतीत कोणासही निम्म्याहून अधिक मूल्य न मिळाल्यास सर्वांत मागचा उमेदवार गळतो आणि त्याची मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. बोरघाट चढण्यासाठी कर्जतास अनेक गाड्यांना मागून एंजिने जोडतात. दुसऱ्या पसंतीची मते ही तशीच मागून रेटा देणारी असतात.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी ह्यांस उभे केले. पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांच्या मनास ही निवड रुचली नव्हती, तथापि रेड्डींच्या अर्जावर त्यांची सही होती. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. चिंतामणरावांस स्वतंत्र पक्ष व जनसंघ ह्यांचा पाठिंबा होता.

येथे डावपेच सुरू झाले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा ह्यांनी स्वतंत्र व जनसंघ ह्या पक्षांच्या पुढाऱ्यांशी बोलणे करून त्यांच्या सभासदांची दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. विरोधकांशी केलेल्या ह्याच बोलण्यावर इंदिराबाईंच्या अनुयायांनी बोट ठेवले. रेड्डींस मत देण्याचा आदेश काढण्याचे इंदिराबाईंनी नाकारले आणि सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे, असे सांगितले.

१६ ऑगस्टला मतदान झाले व २० ऑगस्टला मोजणी. विजयास ४,१८,१६९ मूल्य हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व चिंतामणरावांस १,१२,७६९ मूल्य मिळाले. मागचे उमेदवार गळत जाऊन, शेवटी चिंतामणरावांची मते वाटली गेल्यावर, रेड्डींच्या पदरात ९१,८७९ ची भर पडली, तर गिरींच्या पदरात अवघी १८,५६२ ची. तरीही ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असा निकाल लागून गिरी विजयी झाले. फरक १४,६५० चा. म्हणजे गिरींच्या बाजूचे अवघे १३ खासदार रेड्डींकडे वळते, तरी निकाल फिरता!

मुलांनो, ह्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. निजलिंगप्पांचा हिशेब चुकला नव्हता. मागितलेली दुसरी पसंती त्यांस भरघोस मिळाली. परंतु ती मिळविताना स्वपक्षीयांच्या मनात जो संशय शिरला, त्याची बेरीज कोणी मांडली नव्हती. मागची एंजिने जोडली गेली, पण पुढचे डबे सुटले. निकालास हेच एक कारण होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जुलैत झालेल्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने वारे फिरले होते, आणि गिरींस कम्युनिस्ट, द्रमुक आदी पक्षांचेही साह्य होते. तथापि जेथे अंतर केसाएवढे असते, तेथे असे एकेक कारण निर्णायक ठरू शकते.

जिंकणाऱ्या बाजूसही किंमत चुकवावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. आपणच सही केलेल्या उमेदवाराच्या वेळी सद्सद्विवेकबुद्धीची आठवण देणे, हा विवेक की डाव, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

आणि तिसरे आलेले चिंतामणराव? १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा मतांची मोजणी त्यांच्यासमोर नव्हती. राष्ट्रपतिपद त्यांस लाभले नाही. परंतु तो राजीनामा महाराष्ट्र आजही विसरलेला नाही.

आमच्या शाळेत वर्गप्रतिनिधीची निवड पुष्कळदा दोन-तीन मतांनी होते, आणि दुसऱ्या दिवशी हरलेला व जिंकलेला ह्यांस एकाच बाकावर बसावयाचे असते. मते मागताना कोणास काय शब्द दिला व कोणाचा विश्वास गमावला, ह्याचा हिशेब फळ्यावर कधी लिहिला जात नाही. तो तुम्हीच आपल्या मनाशी ठेवावा, कारण अठराव्या वर्षी हातात येणाऱ्या मताची शिकवणी ह्या बाकांवरच होत असते.