पर्समधला डबा

परवा आईला घेऊन सिनेमाला गेलो. थेटरात जाऊन तिला चार-पाच वर्षं तरी झाली असतील. वय ७८, जुना मधुमेह. त्यामुळे बाहेर पडताना पर्समध्ये एक छोटा डबा असतोच. साखर उतरली तर चटकन तोंडात टाकायला थोडी खडीसाखर, चार बिस्किटं.

मल्टिप्लेक्सच्या दारात पर्स तपासणाऱ्या मुलीने नेमका तोच बाहेर काढला.

"बाहेरचं खाणं अलाउड नाही. इथे ठेवा, जाताना घ्या."

मी समजावून सांगितलं. तिचं एकच, "सर, रूल आहे." झालं, माझा पारा चढला! "तुमचं महागडं पॉपकॉर्न खपावं म्हणून हे सगळं," वगैरे बरंच बोललो. रांग खोळंबली. आई माझी बाही ओढत होती. शेवटी मॅनेजर आला. विशी-पंचविशीचा मुलगा. त्याने आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, असू द्या डबा जवळ." अर्ध्या मिनिटात विषय संपला.

आत बसल्यावर आई म्हणाली, "त्या पोरीवर कशाला ओरडलास? तिच्या हातात काही होतं का?"

लहानपणी आम्ही पुण्यात 'प्रभात'ला जायचो. १९३४ साली सुरू झालेलं ते थेटर २०१४च्या अखेरीस बंद झालं. एकदा धाकट्या भावाने भोकाड पसरलं, तेव्हा बॅटरीवाल्या डोअरकीपरने आईला दाराजवळची रिकामी खुर्ची दाखवली होती. म्हणजे तिला आत-बाहेर करता यावं. त्यासाठी त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या कित्येक थेटरांत ढेकूण चावायचे आणि तिकिटं ब्लॅकने घ्यावी लागायची. पण त्या दारावरच्या माणसाला थोडं स्वतःचं डोकं वापरता यायचं.

घरी येऊन कायदा शोधला. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाही हे थेटरमालक ठरवू शकतो. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळांसाठी आईवडिलांना खाणं नेऊ द्यायला हवं. म्हणजे मुलीचा नियम खरा होता. पण नियमात प्रत्येक माणूस कसा मावणार? खडीसाखर बाळगणाऱ्या आजीचं काय करायचं, हे शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसानेच ठरवायचं असतं.

मध्यंतरात त्या मुलीला सॉरी म्हणायला गेलो. ती तशीच उभी होती. बसायला स्टूलसुद्धा नाही. म्हणाली, "सर, मागच्या महिन्यात एका बाईंना डबा घेऊन सोडलं, तर माझा दिवसाचा पगार कापला."

काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. तिच्याविरुद्ध नाही. दोनच मागण्या केल्या: दारावरच्या माणसांना थोडा अधिकार द्या, आणि एक स्टूल द्या. अजून उत्तर आलेलं नाही.

असो. सिनेमा आईला आवडला. डबा उघडावा लागला नाही.