उभी राहिलेली लाट

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या काळवंडलेल्या पाण्यात होडी सोडावी, असे कुणाच्या मनातही येणार नाही. त्यामुळे ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील तरुण, ‘फादर, नदीच्या लाटांवर कायाक चालवायला चला’ म्हणाले, तेव्हा मला हसू आले. भर उन्हाळ्यात आपल्या नद्यांना पाणी कुठले?

पण कोलाडजवळ कुंडलिका खळाळत होती. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून तिच्यात उतरते. ते सोडतात, तेवढेच तास लाटा मिळतात.

समुद्रात लाट धावते, पाणी जागीच हेलकावते. नदीत पाणी धावते, लाट उभी राहते. तळच्या खडकावरून वेगाने घसरलेले पाणी पुढच्या संथ पाण्यावर आदळून उसळते. पाणी कमी पडले तर खडक उघडा पडतो, फार झाले तर लाट बुजते. एका मुलाने कायाकचे टोक उगमाकडे वळवले आणि क्षणभर तो त्या लाटेवर स्थिरावला. मी टाळ्या वाजवल्या.

मग मला मुळशी आठवली. त्या धरणात गावे बुडणार म्हणून १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरी धरण झालेच. परतताना हे मुलांना सांगितले. सारे गप्प झाले.

“मग पुन्हा येऊ नये का, फादर?” एकाने विचारले.

“जरूर यावे,” मी म्हणालो, “पण लाट ज्यावर उभी आहे, तो तळ विसरू नये.”