फ्लायओव्हर ठेवायचा की वगळायचा?

बेंगळुरूच्या हेब्बाळ तलावाच्या काठावर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की चौकटीत फार गर्दी होते. पाण्यात हळदी-कुंकू बदकं आणि वारकरी, मागे पाणवनस्पतींची बेटं, त्यामागे झाडं, मग बहुमजली इमारती, आणि एका बाजूला विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्यांचा फ्लायओव्हर. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांनी १५३७ साली हा तलाव बांधवून घेतला असं मानतात. तेव्हा तो गावाबाहेर होता. आज शहर त्याच्या अंगावर आलं आहे.

माझी भाची नोकरीनिमित्त इथे राहते. तिने जुना वापरलेला कॅमेरा आणि ७०-३०० ची झूम लेन्स घेतली. तेव्हापासून मी तिच्याकडे मुक्कामाला गेलो की पहाटे मला उठवण्याचा हक्क तिने स्वतःकडे घेतला आहे. चहा मात्र तलावाहून परतल्यावर.

सुरुवातीला तिच्या फोटोंत राखी बगळा धूसर यायचा आणि त्याच्यापुढचं पाणकणीस अगदी धारदार. "मामा, लेन्स बिघडलीय बहुतेक," ती म्हणाली. लेन्स ठणठणीत होती. कॅमेरा ऑटो-एरियावर होता, म्हणजे फोकस कुठे धरायचा हे त्यानेच ठरवायचं. अशा वेळी तो सहसा जवळचं आणि ठळक कडांचं काहीतरी पकडतो. पाणकणसाच्या उभ्या पात्यांत कडाच कडा. बगळ्याची पिसं मऊ, जवळपास एकरंगी. पाखरू कुठलं आणि गवत कुठलं हे त्या जुन्या यंत्राला कळत नव्हतं. तिने एकच फोकस-बिंदू निवडला, तो बगळ्याच्या डोळ्यावर ठेवला आणि बटण अर्धं दाबून थांबायला शिकली. डोळा स्पष्ट असला की शेपूट थोडी धूसर असली तरी पाहणाऱ्याला ती खटकत नाही.

तरीही काही फोटो बिघडत होते, आणि इथे बहुतेक नवशिके चुकीच्या रोगावर औषध घेतात. फोटो मोठा करून पाहावा. त्यात कुठेतरी काहीतरी धारदार असेल, तर फोकस भलतीकडे गेला आहे. काहीच धारदार नसेल, तर बहुतेक वेळा हात हलला आहे. ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून वापरायची, तर जुन्या अंदाजाप्रमाणे शटर निदान १/३०० सेकंद हवं. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १/५०० च्या आसपास. भाची १/१२५ वर काढत होती आणि दोष फोकसला देत होती.

दुसरी गोष्ट खोलीची. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटर, छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६ आणि पक्षी दहा मीटरवर, एवढं जुळलं की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर असतो. पाणकावळा पंख पसरून उन्हात बसला की पंखाचं टोक सहज त्या वितीच्या बाहेर जातं. पसरलेल्या पंखांच्या रेषेशी काटकोनात, म्हणजे पक्ष्याच्या अगदी समोर किंवा मागे उभं राहिलं तर तो वीतभरात मावतो. यंत्राचं बटण न बदलता पाय हलवून सुटणारी अडचण मला फार आवडते.

उडत्या पक्ष्यांचा सराव तिने झोळीवाल्यांवर, म्हणजे पेलिकनवर केला. ही निवड शहाणपणाची. खंड्या डोळ्यांदेखत पाण्यात सूर मारतो आणि कॅमेरा वर येईपर्यंत परतलेलाही असतो. ठिपकेदार चोचीचा झोळीवाला मात्र दोन मीटरहून अधिक पंखविस्ताराचा, संथ पंख मारणारा. उतरायच्या आधी तो बराच वेळ तरंगत येतो. फोकस सतत धरून ठेवणारा मोड (निकॉनवर एएफ-सी, कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांवर एआय सर्व्हो), शटर १/१००० च्या वर, आणि कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरत राहिला की नवशिक्यालाही यश मिळतं.

चौकटीचं शिक्षण याहून अवघड निघालं. तिला तृतीयांशाचा नियम पाठ होता. १७९७ साली, कॅमेऱ्याच्या जन्माआधी, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांसंदर्भात तो मांडला. पडद्यावरच्या रेघा पाहून ती पक्षी इमानेइतबारे बाजूला ठेवायची, पण त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असायचा. दोन पावलं डावीकडे सरकली की खांब गायब. गुडघ्यावर बसली की मागचं हिरवं पाणी जाऊन दूरचा धूसर काठ पार्श्वभूमीला यायचा. बेंगळुरूच्या बऱ्याच तलावांना कुंपण असतं. तिथे लेन्स जाळीला अगदी चिकटवून छिद्र मोठं ठेवलं की जाळी जवळजवळ विरघळते.

मग तिला सगळंच धूसर करण्याचा नाद लागला. पक्षी तेवढा स्पष्ट, बाकी रंगांचा लेप. फोटो देखणे होते, पण ते हेब्बाळचे आहेत की हॉलंडचे, सांगता येत नव्हतं. मी तिला मुरारराव यशवंतराव घोरपड्यांचं 'सनलाइट अँड शॅडोज' दाखवलं. संडूरच्या मराठा राजघराण्यातले घोरपडे सत्तरच्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि हेब्बाळवरून जातो तो बळ्ळारी रस्ता त्यांच्याच जिल्ह्याकडचा. १९८३ मधलं हे त्यांचं वन्यजीव-छायाचित्रांचं पुस्तक. त्यांच्या कृष्णधवल चित्रांत प्राणी पुष्कळदा चौकटीचा छोटासा भाग असतो. झाडं, धुकं आणि उजेड यांना तेवढाच मान. रान वगळून हत्ती दाखवावा असं त्यांना वाटलं नाही. हेब्बाळच्या झोळीवाल्याचं रान म्हणजे फ्लायओव्हर, असं माझं म्हणणं.

भाचीला ते पटायला वेळ लागला. "मामा, ट्रॅफिक काय बघायचंय कुणाला?" पण एका सकाळी तिने लेन्स ७० वर आणली, छिद्र एफ ११ केलं, मागची वाहनं ओळखू येतील एवढी स्पष्टता ठेवली, आणि झोळीवाला पुलाच्या रेषेखाली, रिकाम्या पाण्यावर येईपर्यंत थांबली.

तो फोटो तिने छापून पुण्याला पाठवला. आजीने चष्मा कपाळावर सारून फोटो डोळ्यांजवळ धरला, पक्ष्याला "छान आहे हो" म्हणाली आणि पुलावरच्या निळ्या बसवर बोट ठेवून विचारलं, "हीच का विमानतळावरून तिच्याकडे येते ती?"