तीस नंबरची दाढ

मी अमेरिकेत डेंटिस्ट व्हायला गेले होते असं सांगितलं की लोक विचारतात, "पण तू आधीच डेंटिस्ट होतीस ना?" होते की. बीडीएसची चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप आणि मग सांगलीत दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी. दाढा काढल्या, रूट कॅनाल केली, कॅपा बसवल्या, मिश्रीने काळे पडलेले दात साफ करून दिले. पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लायसन हवं असेल, तर तिथल्या मान्यताप्राप्त डेंटल स्कूलची पदवी लागते. त्यासाठी परदेशी डेंटिस्टना 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग' नावाचा दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मधल्याच एका वर्षात शिरायचं आणि डीडीएस किंवा डीएमडी घेऊन बाहेर पडायचं. या दोन्ही पदव्यांत नावापलीकडे काही फरक नाही. खासगी विद्यापीठाची फी वर्षाला लाख डॉलरच्या घरात जाते. बाबांनी कर्जासाठी विश्रामबागचा फ्लॅट तारण ठेवला तेव्हा बँकेतल्या साहेबांनीही तोच प्रश्न विचारला. त्यांना निदान तो विचारायचा अधिकार तरी होता.

आधी आयएनबीडीई ही परीक्षा. दोन दिवस, ५०० प्रश्न. निव्वळ पाठांतर तिथे फार चालत नाही, कारण बऱ्याच प्रश्नांत एक पेशंट समोर ठेवलेला असतो: वय, तक्रार, चालू गोळ्या, आणि आता काय करशील ते सांग. मला ती आवडली. प्रवेशासाठीची बेंच टेस्ट मात्र अजिबात आवडली नाही. टेबलाला अडकवलेलं प्लास्टिकचं डोकं, त्यात प्लास्टिकचे दात आणि भिंतीवर घड्याळ. त्या वेळात एक दात कॅपसाठी घासायचा, दुसऱ्यात फिलिंगसाठी खड्डा करायचा. परीक्षक नंतर प्रोब लावून मिलिमीटर मोजतात. शेजारच्या दाताला ड्रिलच्या टोकाचा, म्हणजे बरचा, ओरखडा दिसला की तुमचा अनुभव दहा वर्षांचा का असेना, काही उपयोग नाही. खऱ्या दाताचं इनॅमल कडक असतं, आतलं डेंटिन त्यामानाने मऊ. बर एकातून दुसऱ्यात शिरला की ते बोटांना कळतं, आणि आमचे हात त्या कळण्यावरच चालतात. प्लास्टिक सगळीकडून सारखं लागतं. त्या डोक्याला जीभ नसते, लाळ नसते, ते मध्येच "आई गं" म्हणत नाही. आजूबाजूला वाकून बसलेल्या उमेदवारांत निम्म्याहून अधिक आपल्याकडचेच, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच वैताग.

माझं कॉलेज फिलाडेल्फियात होतं. दातांच्या बाबतीत हे शहर जुनं आहे. इथलं एक डेंटल कॉलेज १८६३ मध्ये निघालं, दुसरं १८७८ मध्ये. दुसऱ्याची जुनी इमारत टॉमस इव्हान्स या डेंटिस्टच्या पैशांतून उभी राहिली. हा इथलाच माणूस. पॅरिसला जाऊन तिसऱ्या नेपोलियनचे दात बघू लागला आणि गडगंज श्रीमंत झाला. १८७० मध्ये सेदानच्या लढाईत सम्राट पकडला गेला, पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर आले, तेव्हा सम्राज्ञी युजेनीने आसरा घेतला तो या डेंटिस्टच्या घरी. त्याने तिला आपल्या घोडागाडीतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं आणि तिथून एका इंग्रजाच्या यॉटवर चढवून दिलं.

फिलाडेल्फिया म्हटल्यावर मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या इथल्याच विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, मदतीसाठी मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र एका अमेरिकी मिशनरी मासिकात छापून आलं होतं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या ते नजरेस पडलं. कुठे, तर डेंटिस्टकडे नंबर लागायची वाट बघताना! ही गोष्ट मी आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांना सांगितली. वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं ठेवावीत याला इतकं भक्कम कारण दुसरं नसेल.

कॉलेजच्या क्लिनिकमधले पहिले महिने हात बांधून ठेवल्यासारखे गेले. पेशंट खुर्चीत बसला की आधी आजारांची आणि औषधांची यादी, रक्तदाब, सगळं संगणकावर टिपायचं. मग फॅकल्टीला बोलवायचं. त्यांनी बघून मंजुरी दिली की भूल. कीड काढून झाली की पुन्हा फॅकल्टी. सिमेंट भरायच्या आधी पुन्हा, भरल्यावर पुन्हा. सांगलीत जे काम वीस मिनिटांत उरकायचं त्याला इथे अख्खी दुपार. पाठ दुखायची, आणि खरं सांगायचं तर अपमानही वाटायचा.

दातांच्या नंबरांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे नंबर दोन आकडी: पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो, दुसरा दात. तिकडे सरळ १ ते ३२. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून निघायचं, वरून डावीकडे १६ पर्यंत, खाली उतरून १७, आणि खालून फिरत उजवीकडे ३२. आपली ४६ ती तिकडची ३०, हे चटकन अंगवळणी पडतं. भीती असते ती दोन्हीकडे सापडणाऱ्या नंबरांची. आपला १४ म्हणजे वरची उजवीकडची उपदाढ, तिकडचा १४ म्हणजे वरची डावीकडची मोठी दाढ. म्हणून दात काढण्याआधी तिथे सगळे हात थांबतात. पेशंटचं नाव, दाताचा नंबर, एक्स-रे, सगळं मोठ्याने म्हणायचं, पेशंटलाही बोट लावून दाखवायला सांगायचं, आणि मगच चिमटा हातात घ्यायचा. ही सवय भारतात परतताना कुणीही बरोबर न्यावी.

अमेरिकेचं चित्र डोळ्यांसमोर घेऊन आले होते ते चकचकीत दात, ब्रेसेस, इम्प्लांट असं. डेंटल स्कूलच्या खुर्च्यांवर दिसली ती वर्षानुवर्षं दुखणं पुढे ढकललेली माणसं. बाहेरच्या दवाखान्याचे दर परवडत नाहीत म्हणून ती विद्यार्थ्यांच्या हाताखाली येतात आणि तीन-तीन तास आ वासून बसतात. काही जण अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडत होते. त्यांना जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन विरघळवावं लागतं, आणि त्याने दातांची वाट लागू शकते अशी सूचना तिथल्या एफडीएने २०२२ मध्ये काढली आहे. दात गेले तरी औषध सोडू नका, हे त्यांना पुन्हा पुन्हा बजावायचं.

एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. ३० नंबरची दाढ, कीड नसेपर्यंत गेलेली, रात्र रात्र ठणका. मला पदवीसाठी मोठ्या दाढेची एक रूट कॅनाल हवीच होती. प्रत्येकाच्या नावावर कामांचा कोटा असतो, तो भरल्याशिवाय सुटका नाही. कोटा भरावा म्हणून कुणी कुणी पेशंटची फी गुपचूप स्वतःच्या खिशातून भरतात. तेव्हा ही दाढ वाचावी अशी इच्छा नक्की कुणाची, हे मला त्या वेळी फारसं तपासून बघायचं नव्हतं. पण संमतीच्या कागदावर सगळे पर्याय लिहावे लागतात आणि पेशंटला तोंडाने सांगावेही लागतात: रूट कॅनाल आणि कॅप, किंवा दाढ काढणं, किंवा काढून तिथे दुसरा दात बसवणं, किंवा काहीच न करणं. प्रत्येकाचा खर्च आणि परिणाम. "काहीच न करणं" हा पर्याय मी सांगलीत कधी कुणाला सांगितला नव्हता. तिथे तो पेशंटच निवडायचे, न येऊन.

त्याने सगळं वाचलं. मग पाय पुढे करून म्हणाला, "हा गुडघा मेडिकेअरने बदलून दिला. गुडघा सरकारचा, दाढ माझी एकट्याची. काढून टाक."

त्याचं खरं होतं. म्हाताऱ्यांसाठीच्या त्या सरकारी विम्याने १९६५ पासून, कायदा झाला तेव्हापासून, दातांची नेहमीची कामं आणि कवळ्या वगळलेल्या आहेत. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं तेच मेडिकल कॉलेजपासून वेगळं, आणि माझ्या मते तेव्हापासून तोंड उरलेल्या शरीरापासून तुटलं ते तुटलंच. अभ्यास वेगळा, दवाखाना वेगळा, विमा वेगळा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल गाल धरून यायचे आणि बसायच्या आधीच म्हणायचे, "काढूनच टाका मॅडम." त्यांची दाढ मी दहा मिनिटांत काढायचे. याची काढायच्या आधी पाऊण तास बोलले. दाढ दोन्हीकडे गेलीच. फरक एवढाच, की हमालांना वाचवायचा खर्च किती ते मी कधी सांगितलंच नव्हतं. परवडणार नाही हे त्यांच्या कपड्यांवरून ठरवून मोकळी व्हायचे. त्या पाऊण तासाची फी लाख डॉलर असावी का, हा वेगळा मुद्दा.

कोट्यातली रूट कॅनाल नंतर दुसऱ्या पेशंटवर झाली. पदवीनंतर शिक्षणाच्या व्हिसावर कामाला एकच वर्ष मिळतं. इंजिनिअर मुलांना मिळते तशी वाढ आम्हाला नाही. कर्ज फेडायचं म्हणून वर्गातली बरीच मंडळी मोठ्या साखळी दवाखान्यांत गेली आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कोळसाखाणींच्या भागात, उत्पन्न बघून फी आकारणाऱ्या एका सामुदायिक दवाखान्यात लागले. पगार कमी आहे, पण तिथे डेंटिस्ट मिळत नाहीत, त्यामुळे व्हिसाचे कागद करायला त्यांनी कुरकुर केली नाही.

घरी फोन केला की बाबा हप्त्यांचं विचारतात. आईची एक दाढ दुखतेय आणि ती मी आल्यावरच दाखवणार म्हणते. मिरजेत चांगले डेंटिस्ट ढिगाने आहेत हे तिला पटत नाही. शेवटी म्हटलं, निदान एक्स-रे काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. पाठवला तो गुडघ्याचा. त्याचं ऑपरेशन म्हणे विम्यात बसतं, तर आधी तेच उरकून घेऊ.